जुन्या सायकलला नवी चेन: कोणती घ्यायची, कशी जोडायची

माळ्यावरून किंवा जिन्याखालून जुनी सायकल बाहेर काढली की टायर-ट्यूब बदलतात, ब्रेकची रबरं बदलतात, सीटसुद्धा नवी येते. चेनचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो आणि दुकानात नुसतं "एक चेन द्या" म्हणून ती घेतली जाते. मग घरी आल्यावर चेन दातांवर नीट बसतच नाही. कधी बसते, पण चढावर पायडलवर जोर दिला की कटकन उडी मारते. दोष चेनच्या कंपनीचा नसतो. वेगळ्या मापाची चेन आणलेली असते, किंवा झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवलेली असते.

हे दोन्ही टाळणं सोपं आहे. एक फुटी पट्टी आणि अर्धा तास हाताशी हवा. घरची काळी रोडस्टर (बिनगिअरची साधी सायकल) असो, पाच-सहा-सात गिअरची जुनी सायकल असो, किंवा परदेशात राहणाऱ्या कुणी जुन्या बाजारातून उचललेली राली कंपनीची सायकल असो, रीत तीच. एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगतो. जुन्या सायकलला सगळ्यात महाग किंवा सगळ्यात नवीन चेन लावून काहीही मिळत नाही. तिच्या चक्रांना (दातेरी चकत्यांना) बसेल अशीच चेन लागते, आणि ती बहुतेक वेळा दुकानातली स्वस्तातली चेन असते.

आधी पिच मोजा

एका पिनच्या मध्यापासून शेजारच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला बुश (पिनेभोवतीची नळी) आणि रोलरवाल्या चेनचं पेटंट घेतलं. आजची सायकलची चेन त्याच रचनेतून आली. आता जवळजवळ प्रत्येक सायकलच्या चेनची पिच अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. असते. दहा कड्या मोजल्या तर १२७ मि.मी. भरायला हव्यात. या लेखात 'कडी' म्हणताना आतली आणि बाहेरची कडी वेगवेगळी मोजली आहे. खोक्यावरचा आकडाही तसाच मोजलेला असतो.

अपवाद थोडे आहेत, पण जुन्या सायकलींतच भेटतात. काही जुन्या अमेरिकन सायकलींची पिच एक इंच असते. त्यांच्या पुढच्या चक्रावर दात विरळ दिसतात, जणू एकाआड एक दात काढून टाकलाय. शिमानो कंपनीनेही ड्युरा-एस मालिकेत काही काळ १० मि.मी. पिचचे भाग काढले होते, मुख्यतः ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी. तिथे दहा कड्या १०० मि.मी. भरतात. यातलं काही निघालं तर साध्या दुकानातली चेन चालणार नाही, जुन्या सुट्या भागांच्या संग्राहकांकडेच शोध घ्यावा लागेल. आपल्याकडच्या सायकलींत हा प्रश्न सहसा येत नाही, तरी मोजून घ्या. एका मिनिटाचं काम आहे.

खरा घोळ रुंदीचा

पिच सारखी असली तरी रुंदी वेगळी असते, आणि नवखे इथेच फसतात. आतल्या रुंदीची दोन मापं लक्षात ठेवा: १/८ इंच आणि ३/३२ इंच.

१/८ म्हणजे सुमारे ३.२ मि.मी. ही साधी, जाड चेन. मागे एकच चक्र असलेल्या रोडस्टरला हीच लागते. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरवाल्या जुन्या सायकलींनाही बहुतेक वेळा हीच लागते, कारण त्यांचे गिअर मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या नळीच्या) पोटात असतात आणि बाहेर चक्र एकच असतं.

३/३२ म्हणजे सुमारे २.४ मि.मी. ही गिअरची चेन. मागे पाचपासून आठपर्यंत चक्रं असतील तर ही. नऊ आणि त्यापुढच्या चक्रांसाठीच्या चेन आतून आणखी थोड्या अरुंद असतात आणि बाहेरून बऱ्याच बारीक.

दाताची जाडी बघूनही अंदाज येतो. रोडस्टरच्या फ्रीव्हीलचा (मागच्या चक्राचा) दात जवळपास ३ मि.मी. जाड असतो, गिअरवाल्या फ्रीव्हीलचा सुमारे २ मि.मी. जाड दातावर ३/३२ची चेन चढवली तर ती दाताच्या कडेवरच अडून राहते, खाली उतरत नाही. उलट पातळ दातावर १/८ची चेन बसते. एकाच चक्राची सायकल असेल तर चालतेही, फक्त थोडी खुळखुळते. पण गिअरवाल्या सायकलला १/८ची चेन कधीही लावू नका. शेजारच्या चक्राला घासेल आणि डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाच्या) पिंजऱ्यात अडकेल.

गिअरच्या सायकलींसाठी बाहेरची रुंदी, म्हणजे पिनची लांबी, जास्त महत्त्वाची. जुन्या पाच चक्रांच्या काळातली चेन बाहेरून ७.८ मि.मी.च्या आसपास असे. आठ चक्रांची चेन ७.१ मि.मी.च्या आसपास असते, नवाची ६.६च्या जवळ. मागच्या चक्रांची संख्या वाढत गेली तशी त्यांच्यातली फट कमी झाली, म्हणून चेनही बारीक झाली. सनटूर कंपनीचं अल्ट्रा-६ फ्रीव्हील हे याचं चांगलं उदाहरण. पाच चक्रांच्या जागेत सहा चक्रं बसवलेली. अशा फ्रीव्हीलवर जुनी रुंद चेन शेजारच्या चक्राला घासते, बारीक चेन निमूट चालते.

म्हणून पाच, सहा किंवा सात चक्रांच्या सायकलला आज माझी पहिली पसंती एकच: खोक्यावर ६/७/८ स्पीड लिहिलेली चेन. ती या तिन्हींवर चालते, पाचवरही चालते, सहज मिळते आणि स्वस्त असते. शिमानोची सीएन-एचजी४०, केएमसीची झेड८, एसरॅमची पीसी-८३० या सगळ्या याच घरातल्या. साध्या सायकलसाठी केएमसीची झेड४१० किंवा कुठलीही चांगली देशी १/२ × १/८ (पिच × रुंदी, इंचांत) चेन घ्या.

"नऊची चेन जास्त चांगली, ती लावा" असं कुणी सुचवेल. लागते, फिरतेही. पण जुन्या क्रँकची पुढची दोन चक्रं एकमेकांपासून लांब असतात, आणि बारीक चेन गिअर बदलताना त्या फटीत जाऊन बसू शकते. जोडणीही नाजूक. फायदा काहीच नाही, मग कशाला?

शिमानोच्या जुन्या सायकलींवर 'युनिग्लाइड' असं कोरलेलं दिसलं तर गोंधळू नका. १९८९ च्या सुमारास हायपरग्लाइड ही चक्रांची नवी रचना येण्याआधीची ती पद्धत. ६/७/८ची चेन तिच्यावर चालते. त्या कॅसेटची (मागच्या चक्रांच्या संचाची) एक गंमत म्हणजे सगळ्यात लहान, आट्यावर बसणारं चक्र सोडलं तर बाकीची चक्रं उलटी करून लावता येतात. दातांची एक बाजू झिजली तर दुसरी वापरायला मिळते. हल्लीच्या कॅसेटमध्ये ही सोय नाही.

झीज: चेन बदलायची की फ्रीव्हीलही?

चेन 'ताणली' असं म्हणतात. प्रत्यक्षात लोखंड ताणलं जात नाही, पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग घासतो आणि प्रत्येक कडीत केसभर ढिलाई येते. शंभरेक कड्यांची ढिलाई मिळून चेन लांब होते.

मोजायला एक फुटी स्टीलची पट्टी घ्या. कंपासपेटीतली १५ सें.मी.ची पट्टी पुरत नाही. चेन सायकलवर असतानाच वरच्या बाजूला, पायडलवर थोडा जोर देऊन ती ताठ ठेवा. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. नवी चेन असेल तर २४ कड्यांनंतरची पिन बरोबर १२ इंचांवर येते. आता बघा:

पिन १२ इंचाच्या रेघेपासून १/१६ इंचापेक्षा (सुमारे दीड मि.मी.) कमी पुढे सरकली असेल तर चेन चांगली आहे. स्वच्छ करून वापरा.

१/१६ इंच सरकली असेल तर चेन बदला, फ्रीव्हील बहुधा वाचलं आहे.

१/८ इंच (सुमारे ३ मि.मी.) किंवा जास्त सरकली असेल तर फ्रीव्हीलही नवं घ्यायची तयारी ठेवा.

हा शेवटचा मुद्दा दुकानदाराने सांगितला की गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला उगाच खर्चात पाडतोय. पण दुकानदार खरं बोलत असतो. जुनी चेन लांब होत गेली तसे दात तिच्या मापाने घासले गेले. त्यावर बरोबर १२.७ मि.मी.ची नवी चेन चढवली की ती दातांच्या खोबणीत पूर्ण बसत नाही आणि जोर आला की वर चढून उडी घेते. जास्त वापरलेल्या चक्रावर हे आधी होतं. लहान चक्र आणि उभं राहून पायडल मारणं हे एकत्र आलं तर माणूस थेट हँडलवर आपटतो. म्हणून हे अंगावर काढू नका. पुढचं चक्र मात्र खूप टिकतं. त्याचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तरच ते बदला.

साध्या रोडस्टरचं एकेरी फ्रीव्हील स्वस्त असतं. तिथे मी विचार करत बसत नाही, चेनबरोबर तेही बदलतो.

लांबी ठरवताना

जुन्या चेनशेजारी नवी चेन ठेवून कापू नका, हा सल्ला पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो. पण ११० कड्यांची चेन एक टक्का झिजली असेल तर ती १४ मि.मी. लांब झालेली असते, म्हणजे एका कडीपेक्षा जास्त. म्हणून जुन्या चेनच्या कड्या मोजा आणि तेवढ्याच नव्या चेनवर मोजून घ्या. दर दहाव्या कडीवर खडूची खूण केली की चुकत नाही. नव्या चेनमध्ये सहसा ११२, ११४ किंवा ११६ कड्या असतात, जास्तीच्या काढायच्या.

जुनी चेन नसेल, किंवा आधी कुणी भलत्याच लांबीची लावली असेल, तर गिअरच्या सायकलसाठी अशी रीत आहे: नवी चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर घ्या, डिरेलरमधून न नेता. दोन्ही टोकं जिथे नीट जुळतात तिथून दोन कड्या जास्त धरून कापा. टोकं जुळताना एकीकडे आतली कडी आणि दुसरीकडे बाहेरची यायला हवी. क्विक लिंक (हाताने जोडायची कडी, तिच्याबद्दल पुढे) वापरणार असाल तर दोन्ही टोकांना आतली कडी हवी, कारण बाहेरची कडी म्हणजे क्विक लिंक स्वतः.

रोडस्टरचा हिशेब सरळ आहे. मागचं चाक फ्रेमच्या ज्या खाचेत बसतं तिच्या साधारण मध्यावर ठेवून चेन ताठ होईल एवढी लांबी घ्या, म्हणजे पुढे ताणायला जागा उरते. एक जोडी (आतली आणि बाहेरची) काढली तर चेन एक इंचाने कमी होते आणि चाक अर्धा इंच पुढे येतं. खाच तोकडी असेल आणि कुठलंच माप जमत नसेल तर अर्धी कडी मागा. तिची एक बाजू आतल्या कडीची आणि दुसरी बाहेरच्या कडीची असते. त्यामुळे चाक पाव इंचानेही हलवता येतं.

जोडणी: तीन प्रकार

*चेन लॉक.* साध्या १/८ चेनला हे लागतं. तीन तुकडे असतात: दोन पिनांची पट्टी, एक सुटी पट्टी, आणि वर बसणारी स्प्रिंगची क्लिप. चेनची दोन्ही टोकं फ्रीव्हीलच्या दातांवर शेजारी-शेजारी ठेवा, दातच ती धरून ठेवतात आणि हात मोकळे राहतात. दोन पिनांची पट्टी आतून, म्हणजे चाकाच्या बाजूने घाला. बाहेरून सुटी पट्टी चढवा. मग क्लिप पिनांच्या खाचांत सरकवा आणि पकडीने हलकेच दाबा, 'टक्' असा आवाज आला की बसली. क्लिपची दिशा फार महत्त्वाची. ती माशासारखी दिसते: बंद टोक म्हणजे तोंड, उघडं टोक म्हणजे शेपूट. मासा चेनच्या चालण्याच्या दिशेने पोहायला हवा. चेनच्या वरच्या भागात तोंड पुढच्या चाकाकडे, खालच्या भागात मागच्या चाकाकडे. उलटी बसली तर कशाला तरी घासून उघडी बाजू उचकटते आणि क्लिप रस्त्यात पडते. गिअरच्या सायकलला हे लॉक वापरू नका, त्याची रुंदी डिरेलरमधून जात नाही.

*क्विक लिंक.* गिअरच्या सायकलसाठी मी नेहमी हीच सुचवतो. दोन सारखे अर्धे तुकडे, प्रत्येकाला एक पिन. एक तुकडा चेनच्या एका टोकात आतून, दुसरा दुसऱ्या टोकात बाहेरून घाला. एकमेकांच्या भोकांत पिना बसवा आणि चेन ओढा. मग लिंकचा भाग चेनच्या वरच्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या चक्राच्या मधे येईल इतकी पायडल फिरवा, मागचा ब्रेक घट्ट दाबा आणि पायडलवर जोर द्या. लिंक खटकन बसते. ती चेनच्याच जातीची हवी: ६/७/८च्या चेनला नवाची लिंक चालत नाही. आठपर्यंतच्या लिंका पुन्हा उघडता येतात. दोन्ही पट्ट्या एकमेकींकडे दाबून पिना खाचेत सरकवायच्या. चेन धुवायला काढायची तर ही मोठी सोय आहे.

*पिन.* गिअरच्या जुन्या चेनमध्ये ही एकच रीत होती. चेन टूलने (पिन ढकलायच्या हत्याराने) पिन ढकलायची, पण पूर्ण बाहेर काढायची नाही. शेवटच्या पट्टीत अगदी टोक अडकून राहील एवढी ठेवायची, म्हणजे परत तीच आत ढकलता येते. पूर्ण निघालेली पिन हाताने परत बसवणं फार त्रासाचं असतं. आजच्या ६/७/८च्या चेनमध्ये मात्र पिनांची टोकं दाबून पसरवलेली असतात. एकदा काढलेली पिन परत घातली तर जोड कमकुवत होतो. शिमानोच्या चेनसोबत म्हणून वेगळी जोडपिन मिळते: ती टोकदार बाजूने घाला, टूलने जागेवर येईपर्यंत ढकला, आणि पुढे आलेला मार्गदर्शक भाग पकडीने मोडून टाका.

टूल नसेल आणि चेन जाड १/८ची असेल तर मिस्त्री लोक कडीखाली नट ठेवून पोगर आणि हातोडीने पिन काढतात. जमतं, पण ठोका सरळ बसायला हवा. गिअरच्या चेनवर हा प्रयोग करू नका.

पिन बसवल्यावर दोन्ही बाजूंनी ती सारखीच बाहेर दिसते का बघा. मग ती कडी वाकवून पाहा. अडकत असेल तर चेन दोन्ही हातांत धरून आडवी, डावी-उजवी थोडी वाकवा, दोन-तीन वेळा केलं की सैल होते. डिरेलरच्या सायकलवर पायडल उलटी सावकाश फिरवली की ताठ कडी छोट्या चाकावरून जाताना टुणकन उडते, तशी ती सापडते.

पूर्ण चेनकव्हर असेल तर

जुन्या रोडस्टरवर पूर्ण बंद कव्हर असतं आणि चेन आत घालताना बोटं आणि डोकं दोन्ही दुखतात. ही युक्ती करा. कव्हरचा मागचा छोटा तुकडा काढा, चेन लॉक तिथे दिसेपर्यंत पायडल फिरवा आणि लॉक उघडा. जुनी चेन ओढून बाहेर काढू नका! तिचं एक टोक नव्या चेनच्या टोकाला लॉकने जोडा. आता पायडल सावकाश फिरवत जुनी चेन बाहेर ओढा, तिच्यामागून नवी चेन पुढच्या चक्रावरून आपोआप आत जाते. मग जुनी सोडवा आणि नवीची दोन टोकं जोडा. पूर्ण कव्हर न काढता दहा मिनिटांत काम होतं.

ताण आणि तेल

साध्या सायकलची चेन पुढच्या आणि मागच्या चक्रांच्या मध्यावर बोटाने वर-खाली हलवली तर एकूण एक ते दीड सेंटिमीटर हलायला हवी. पायडल फिरवत तीन-चार जागी तपासा. पुढची चक्रं क्वचितच अगदी गोल असतात, त्यामुळे चेन एका जागी ताठ होते आणि दुसरीकडे ढिली पडते. ताण ठरवायचा तो सर्वांत ताठ जागी. तिथे चेन टणक झाली तर हबच्या बेअरिंगवर ताण येतो आणि पायडल जड होते. मागचं चाक फ्रेमच्या चिमट्यात सरळ आहे ना, हे ब्रेकच्या रबरांकडे बघून नक्की करा आणि मगच नट आवळा. स्टर्मी-आर्चरचं हब असेल तर चाक सरकल्यामुळे गिअरच्या तारेचा ताण बदलतो, तीही जुळवून घ्या.

नव्या चेनवर कारखान्यातलं वंगण असतं. ते रॉकेलने धुऊन टाकू नका, फक्त बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. पुढे तेल देताना प्रत्येक रोलरवर एक थेंब, मग चेन फडक्यात धरून पायडल फिरवा. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. घरात असेल ते तेल घालायची सवय सोडा. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, आणि इतर खाद्यतेलं कालांतराने चिकट होतात. कोकणात आणि पावसाळ्यात चेन ओली राहिली की रात्रीतून तांबूस होते. घरी आल्यावर कोरडी पुसून लगेच तेल द्यावं.

पहिली फेरी सपाट रस्त्यावर मारा. मग उभं राहून जोर द्या आणि प्रत्येक चक्रावर चेन उडते का बघा. उडत असेल तर त्या चक्राचे दात झिजलेले आहेत, डिरेलर जुळवण्यात वेळ घालवू नका. आठवडाभर चालवल्यावर रोडस्टरचा ताण पुन्हा तपासा, कारण नवी चेन सुरुवातीला थोडी बसते. चेन लॉकची क्लिप जागेवर आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्या.